उजवीकडं झुकलेले टाके

बेडकिहाळ
ता. ९ नोव्हेंबर १९३७

ती. सौ. राजमती आक्कास, पद्माचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आधी कामाचं लिहिते, नाहीतर कागद संपतो आणि काम राहतं, असं तूच म्हणतेस. सदलग्याहून लोक मला बघायला येणार आहेत, आजपासून अठराव्या दिवशी. मुलाचं नाव भरमाप्पा. तो सहावी इंग्रजीपर्यंत शिकून आता घरची तंबाखू बघतो. त्याचे वडील आहेत, पण घर आईच्या, म्हणजे गुणाबाईंच्या शब्दावर चालतं असं आप्पा म्हणतात. म्हणताना माझ्याकडं बघतात.

अडचण आहे ती आपल्या पुढच्या सोप्याच्या भिंतींची. गेल्या दोन वर्षांत गावात अशी रीतच पडलीय, की लग्नाची मुलगी असेल त्या घरी तिनं कापडावर सुईनं भरलेले सुविचारांचे पट टांगलेले पाहिजेत. पलीकडच्या शांतीच्या घरी सात आहेत. एकात पोपट चोचीत चिठ्ठी धरून बसलाय. पाहुणे आधी भिंत बघतात, मग मुलगी. आपल्या भिंतीवर काय आहे? आप्पांचा पटका अडकवायची खुंटी.

मी बसले नाही असं नाही. शाळेतल्या बाईंकडून दोसुती कापडाचा तुकडा आणला आणि उजव्या हातात सुई घेतली. पाहुणे भरून दाखव म्हणाले तर डावा हात कसा चालेल? तीन दिवसांत एक मोर झाला. आप्पांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "कोंबडी बरी जमलीया."

तेव्हा आक्का, एक पट तूच भरून पाठव. शहापुरात तुझ्या दारात रेशीम लोळतंय. दाजींना नमस्कार सांग.

तुझी
पद्मा

*

शहापूर, बेळगाव
ता. १८ नोव्हेंबर १९३७

चि. पद्मास, आक्काचे पोटभर आशीर्वाद.

पट पाठवलाय. निपाणीच्या सर्व्हिस मोटारीनं येईल, आप्पांना उतरवून घ्यायला सांग. 'अहिंसा परमो धर्म:' भरलंय आणि दोन्ही बाजूंना मोर आहेत. हे मोर आहेत हे आप्पांना आधीच सांगून ठेव. रेशीम विकत आणावं लागलं नाही. शेजारच्या नागुबाईच्या मागावर पातळ उतरलं की टोकाला धागे उरतात, ते तिनं ओंजळभर दिले.

विचारतील त्याची उत्तरं पाठ कर. पंधरा दिवस लागले म्हणावं. चौकोन मोजून भरायचं, आधी एक ओळभर तिरके टाके घालत जायचं आणि परत येताना त्यांच्यावर उलटे तिरके घालत यायचं, म्हणजे फुली होते. सगळ्या फुल्यांचा वरचा धागा एकाच बाजूला झुकला पाहिजे. माझे डावीकडं झुकतात. मागच्या बाजूला एकही गाठ नाही, ते जाणत्या बाईला उलटून दाखवलं तरी चालेल. कुणी विचारलं हा कुणी भरला, तर तुझंच नाव सांग. माझं नाव त्यात आणू नको.

आणि तुला लाख वेळा सांगितलेलं परत सांगते. डावा हात पदरात. ताट, तांब्या, पान, सुपारी सगळं उजव्यानं. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तेव्हापासून मी तुझा तो हात लोकांपासून लपवत आलेय. आता शेवटचं एकदा लपव, मग मी सुटले आणि तूही सुटलीस.

आक्का

*

बेडकिहाळ
ता. २९ नोव्हेंबर १९३७

ती. सौ. आक्कास नमस्कार.

आले, बघितलं, जेवले आणि होय म्हणून गेले. आप्पा परवापासून गावात असे फिरतायत, जसं लग्न त्यांचंच ठरलंय.

गुणाबाई बुटक्या आहेत आणि फार बोलत नाहीत. सोप्यात आल्या ते थेट पटाकडं गेल्या. पुढून बघितला. मग खालची काडी धरून उलटला, मागून बोट फिरवलं आणि "बरं हाय" एवढंच म्हणाल्या.  त्यांनी विचारलं, किती दिवस लागले? मी पंधरा म्हणाले. आवाज माझा नव्हताच गं. भरमाप्पांनी एकच प्रश्न विचारला, की मोराचे पाय इतके बारीक कसे भरले. मी नुसता पदर सारखा केला. ते हसले, पण वाईट नाही हसले. माणूस चांगला वाटला मला. म्हणूनच खोटं बोलताना जास्त घाम फुटला.

आता पुढचं ऐक. जाताना गुणाबाई म्हणाल्या, आमच्या माजघराची भिंत मोकळी आहे. पोरीच्या हातचा एक पट लग्नाआधी पाहिजे. 'हात फिरे तिथे लक्ष्मी वसे' एवढंच भरा, मोर-बिर नकोत. माघी पुनवेच्या सुमाराला त्या स्वतः न्यायला येणार आहेत.

आप्पा म्हणतात, राजमतीला लिही. मला वाटतं खरं सांगून टाकावं. तू काय म्हणतेस?

पद्मा

*

शहापूर
ता. ६ डिसेंबर १९३७

चि. पद्मास अनेक आशीर्वाद.

खरं सांगायचं नाव काढू नको. याहून लहान गोष्टींवर सोयरिकी मोडलेल्या मी बघितल्यात. नागुबाईच्या भाचीचं लग्न मुलगी शिंकली म्हणून मोडलं. तुझ्याबद्दल तर दोन गोष्टी सांगाव्या लागतील. पट तुझा नाही ही एक, आणि का नाही ही दुसरी. दुसरीच भारी आहे. डावखुरी सून घरात आणायला कोण तयार होतं? लग्न होऊ दे, दोन पोरं होऊ देत, मग कुठल्या हातानं काय करतेस ते कोण बघतंय.

पट मी भरते. आजच दोसुती आणली. अक्षरं लाल आणि काठ हिरवा धरलाय. पुनवेच्या आठ दिवस आधी तुझ्या हातात असेल.

भरमाप्पा हसले कसे ते सविस्तर लिही. तेवढं वाचायला मी पोस्टमनची वाट बघेन.

आक्का

*

बेडकिहाळ
ता. ४ जानेवारी १९३८

ती. सौ. आक्कास नमस्कार.

तुला दोन पत्रं टाकली. भरमाप्पांचं हसणं पहिल्यात आहे, अर्ध्या पानाचं. तुझं उत्तर नाही. महिना होत आला. पट झाला की नाही हे विचारत नाही, तू बरी आहेस का एवढंच विचारते. इथं तंबाखूची खुडणी चाललीय, हातांना चिकटा बसलाय म्हणून कागदावर डाग पडलेत. राग मानू नको.

पद्मा

*

शहापूर
ता. ९ जाने. ३८

चि. पद्मास
मी बरी. पट चाललाय. काळजी नको.
आक्का

*

बेडकिहाळ
ता. १४ जानेवारी १९३८

ती. सौ. आक्कास.

तीन ओळींचं पत्र मिळालं. अक्षर बघून मला रडू आलं. लहानपणी तू माझ्यावर चिडलीस की पाटीवर अशीच दाबून, वाकडं लिहायचीस. 'काळजी नको' यातला एकेक शब्द मला फेकून मारल्यासारखा आलाय.

तू चिडलीयस. खरं आहे, मी तरी किती मागायचं? आधी एक पट, मग दुसरा. लहानपणी वेणी, अंघोळ, शाळा, सगळं तूच केलंस, आणि आता लग्न पण तूच भरून द्यायचं. चिडली असशील तर दोन शिव्या दे, पण चार पानं लिही. तीन ओळी मला सोसत नाहीत.

संक्रांतीचे तीळ आप्पांनी वेगळे पाठवलेत.

पद्मा

*

शहापूर
ता. १९ जानेवारी १९३८

चि. पद्मास, जिनपाल दाजीचा आशीर्वाद. जय जिनेंद्र.

हे पत्र मी दुकानात बसून लिहितोय. तुझ्या आक्काला कळलं तर सुताच्या गठ्ठ्यांवर झोपावं लागेल, तेव्हा माझं नाव सांगू नको.

ती चिडलेली नाही. अकरा डिसेंबरला बस्तीत देवदर्शनाला गेली, तिथल्या ओल्या पायरीवरून घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधलाय. दोन महिने हलवायचा नाही. जिवाला धोका नाही, तेव्हा तू रडत बसू नको. एरवी दोन हातांनी माझ्यावर राज्य करायची, आता एका हातानं करते, एवढाच फरक.

पण तुला कळवू देईना. म्हणे, पद्मी घाबरेल आणि खरं सांगून बसेल. ते तीन ओळींचं पत्र तिनं डाव्या हातानं लिहिलंय, तासभर लागला. आणि तुझा पटही डाव्याच हातानं भरतेय. नागुबाई म्हणाली मी भरून देते, तर नको म्हणाली. सकाळी उजेड आला की जोत्यावर बसते, चार टाके घालते, दोन उसवते. परवा बघितलं तर रडत होती. हात दुखतोय का विचारलं, तर मान हलवली. म्हणाली, "ह्यो डावा हात ऐकत न्हाय हो. आन् मी त्या पोरीचा ऐकणारा हात बांधून ठेवलता."

मला यातलं काही उमजलं नाही. तुला उमजेल म्हणून लिहिलं.

तुझा
दाजी

*

शहापूर
ता. २४ जानेवारी १९३८

पद्मे,

दाजींनी तुला लिहिलं, ते त्यांच्या तोंडावरच दिसलं. बरं झालं. आता लपवायला काही नाही. हे पत्र डाव्यानं, तीन दिवस मिळून लिहितेय. ओळी चढावर चालल्यात, सांभाळून वाच.

तू पाच वर्षांची होतीस. बस्तीत जेवणावळ होती. तू डाव्या हातानं पोळी मोडलीस आणि शेजारची बाई पानावरून उठली. घरी आल्यावर मी आईच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि जेवायच्या वेळी तुझा डावा हात कमरेला बांधायला लागले. दोन वर्षं बांधला. तू रडायचीस. पुढं रडायची थांबलीस आणि मला वाटलं, चला, वळण लागलं.

आता माझा हात बांधलेला आहे. सुई धरते तर बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटतात. घास तोंडाऐवजी गालाला लागतो. पाच आठवड्यांत 'हात' एवढा एकच शब्द भरून झालाय, तोही वाकडा. मी सव्वीस वर्षांची आहे, तरी रडते. तू पाच वर्षांची होतीस.

माझं चुकलं, पद्मे. लोकांच्या भीतीनं केलं, पण केलं मीच.

पट पुरा होत नाही. पुनवेला तीन आठवडेही राहिले नाहीत. नागुबाईला सांगू का? तू सांगशील तसं करते. ह्या वेळी तू सांग.

आक्का

*

बेडकिहाळ
ता. २८ जानेवारी १९३८

माझ्या आक्का,

तुझं पत्र आप्पांना वाचून दाखवलं, पण 'माझं चुकलं' ती ओळ गाळली. ती माझी आहे, माझ्याजवळच राहील.

राग होता का विचारशील, तर होता. बांधलेल्या हाताला मुंग्या यायच्या. पण जेवण झालं की गाठ सोडून तूच तो हात मांडीवर घेऊन तेल लावून चोळायचीस. तेही मला आठवतं. बांधणारीही तूच आणि चोळणारीही तूच, मग रागावायचं कुणावर? एवढी मी तेव्हा हुशार नव्हते, पण आता आहे.

नागुबाईंना सांगू नको. दोसुतीचा दुसरा, कोरा तुकडा आणि लाल-हिरवं रेशीम मला पाठव. पट मी भरते, डाव्या हातानं. तू नोव्हेंबरात लिहिलेलं पत्र काढून समोर ठेवलंय. एका अंगाला तिरकं जायचं, उलटं परत यायचं. मी दुसऱ्या टोकाकडून सुरू करते, एवढंच. काल फाटक्या पोत्यावर करून बघितलं. हात असा चालला की मलाच हसू आलं. मात्र माझ्या फुलीचा वरचा धागा उजवीकडं झुकतो. तुझा डावीकडं. लपणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आप्पा म्हणाले, "लगीन मोडलं तर?" मला भरमाप्पा आवडलेत आक्का, मोडलं तर मला फार वाईट वाटेल. पण त्यांच्या घरी जन्मभर पदरात हात घालून बसायचं, ते त्याहून वाईट. तसं मी आप्पांना सांगितलं. ते उठून तंबाखूकडं गेले. तासाभरानं परत आले आणि सोप्यात उजेडाच्या जागेला माझ्यासाठी पाट मांडून ठेवला.

तू भरलेला तो एक शब्द उसवू नको.

पद्मा

*

बेडकिहाळ
ता. १७ फेब्रुवारी १९३८

ती. सौ. आक्कास, दाजींस नमस्कार.

गुणाबाई काल येऊन गेल्या. बरोबर भरमाप्पा होते. सगळं सांगते, मध्येच शेवट वाचू नको.

पट आदल्या दिवशी पुरा झाला. 'क्ष्मी' जरा जाडी झालीय आणि हिरवा काठ एका कोपऱ्यात एक चौकोन चुकलाय. बाकी मला आवडला. तो मी पाटावर पसरून ठेवला होता. भिंतीवर तुझा मोरांचा होताच.

गुणाबाईंनी तुझा पट खुंटीवरून काढला आणि माझ्या पटाशेजारी ठेवला. दोन्हींवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता विचारतील आणि मी सांगेन. पण त्यांनी दोन्ही उलटून मागची बाजू बघितली. मग मीच बोलले. पहिला माझ्या आक्कानं भरलाय, हा मी भरलाय, मी डावखुरी आहे, तीन महिने तुमच्याशी खोटं बोललो. एका दमात सांगितलं. आप्पा खांबाला टेकले.

गुणाबाईंनी सुई ओवून माझ्या हातात दिली आणि कोपऱ्यातला तो चुकलेला चौकोन दाखवला. म्हणाल्या, नीट कर. मी डाव्या हातानं उसवला आणि परत भरला. त्या शेवटपर्यंत बघत बसल्या. माझा हात कापला नाही गं. 

मग म्हणाल्या, "मला तवाच कळलंतं. तू तांब्या डाव्यानं उचललास आन् मग उजव्यात घेतलास. मोराचा पट डावखुऱ्या हाताचा न्हाय, ह्ये काय मला कळंना? मला बघायचं हुतं, खोटं किती दिवस भिंतीला टांगतासा."

आप्पा हात जोडायला पुढं झाले. त्यांना बसवून त्या माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "ताट वाढताना उजवा. तुजा सासरा जुना माणूस हाय. बाकी हात तुजा."

एवढंच. पुढं त्या तंबाखूच्या दराबद्दल बोलायला लागल्या आणि मी आत जाऊन चुलीपुढं बसून मनसोक्त रडले. लग्न फाल्गुनात धरलंय. जाताना माझा पट त्यांनी स्वतःच्या पिशवीत घातला. तुझा माझ्याकडं देऊन म्हणाल्या, ज्याचं त्याच्या भिंतीला पाहिजे, बहिणीला परत पाठव. तो मोटारीनं पाठवतेय. इतका सुंदर पट आजवर खोट्या नावानं टांगला होता, आता तुझ्या सोप्यात खऱ्या नावानं टांग.

भरमाप्पांनी निघता निघता विचारलं, मग तुमचा मोर कुठला? मी ती कोंबडी आणून दाखवली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि परत दिली नाही. हसले कसे ते आता लिहीत नाही.

लग्नात मला भांडी नकोत, पातळ नको. तू भरलेला तो एक शब्द पाहिजे.

तुझी
पद्मा

*

शहापूर
ता. २३ फेब्रुवारी १९३८

चि. पद्मास, आक्काचे आणि दाजींचे अनेक आशीर्वाद.

शेवट आधी वाचला. मग पहिल्यापासून वाचलं, मग दाजींना वाचून दाखवलं, मग नागुबाईला. ती म्हणाली अशी सासू लाखात एक. मी म्हणाले, सूनही. मोरांचा पट आला. आल्या दिवशीच लावला.

माझा हात परवा सोडला. मनगट ताठ आहे, पोळी अजून लाटता येत नाही, पण लेखणी धरते. अक्षर बघून कळलं असेल. आता उजव्यानं तो पट पुरा करता आला असता. सुई हातात घेतलीही होती, पण ठेवून दिली. तुझं ऐकलं.

तेव्हा तुझा अहेर ह्या पत्राबरोबर येतोय. लाल रेशमात 'हात' एवढंच आहे. 'ह'चं पोट सुटलंय आणि 'त'चा पाय लंगडतोय. पण निरखून बघ, एकूण एक फुलीचा वरचा धागा उजवीकडं झुकलाय, तुझ्यासारखा. वर-खाली काड्या पाहिजे होत्या. वैद्यानं माझ्या हाताच्या सोडलेल्या कामट्या कोपऱ्यात पडल्या होत्या. त्याच तासून, तेल लावून घातल्यात.

सदलग्याला भिंतीवर लाव नाहीतर पेटीत ठेव, तुझी मर्जी. पण कुणी विचारलं हा कुणी भरला, तर ह्या वेळी माझं नाव सांग.

तुझी
आक्का